तंबूचे घर

इंग्रजीत भारतीय सर्कशीचा इतिहास वाचायला घेतला की पहिल्या दोन-चार ओळींतच 'कुर्डुवाडीचा राजा' भेटतो. विष्णुपंत छत्रे या राजाच्या पदरी अश्वशिक्षक होते आणि राजाचे नाव बाळासाहेब पटवर्धन, असे तिथे छापलेले असते. मराठी वाचक इथे थबकतो. कुर्डुवाडी म्हणजे सोलापूरच्या वाटेवरचे जंक्शन. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी जिथे मोठ्या गाडीला भेटायची, ते ठिकाण. तिथे रेल्वेचा कारखाना आहे, फलाटांवर रात्रभर जाग असते. पण तिथे संस्थान नव्हते आणि राजाही नव्हता. पटवर्धनांचे संस्थान होते ते कुरुंदवाड. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगा जिथे मिळतात तिथले गाव. पलीकडच्या काठाला नरसोबाची वाडी. रोमन लिपीत ही दोन नावे सारखी दिसतात. कोणाच्या तरी हातून एकाच्या जागी दुसरे पडले, पुढच्याने ते तसेच उचलले, आणि एक अख्खे गाव आपल्या इतिहासापासून दीडशेहून जास्त किलोमीटर दूर जाऊन पडले.

ही चूक मला फार लागते. सर्कशीच्या वाट्याला आलेली उपेक्षा त्या एका नावात दिसते. नाटकाच्या बाबतीत असे झाले नसते. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ५ नोव्हेंबर हा दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, त्यावर ग्रंथांमागून ग्रंथ झाले. त्याच वर्षी, सात महिने आधी, २० मार्च १८८० ही छत्र्यांच्या 'ग्रेट इंडियन सर्कस'च्या पहिल्या खेळाची तारीख दिली जाते. एकाच वर्षात मराठी माणसाने दोन मोठे खेळ उभे केले. एक आपण डोक्यावर घेतला. दुसऱ्याचे गावसुद्धा नीट लिहून ठेवले नाही.

पुढची पाने त्या गावाविषयी आणि तिथल्या छत्र्यांच्या घराविषयी आहेत. प्रस्तावना मात्र फर्दापूरहून लिहिली जाते आहे, तेव्हा आधी फर्दापूरचे सांगतो.

आमचे गाव अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी, सोयगाव तालुक्यात. लेण्यांना जाणारा माणूस इथे उतरतो, इथून पुढे चार-पाच किलोमीटरवर वाघूर नदीच्या नालाकृती वळणात लेणी आहेत. गावात औरंगजेबाच्या काळातली सराई आहे: भलीमोठी वेस, आत मोकळे आवार, कडेने कमानींच्या खोल्या. खानदेशातून दख्खनला आणि दख्खनहून खानदेशात जाणाऱ्या काफिल्यांसाठी ती बांधली. घाट चढण्याआधीचा किंवा उतरल्यानंतरचा हा मुक्काम. बैल सोडायचे, घोड्यांना पाणी दाखवायचे, चूल पेटवायची, पहाटे पुन्हा बांधाबांध. त्या भिंतींत पिढ्यान्‌पिढ्या राहिले असे घराणे कोणाचेच नाही. तरीही ती वास्तू ऐतिहासिक आहे, आणि ती तिथे कोण कोण उतरले त्यामुळे. १९१०–११ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आल्या, तेव्हा त्यांची छावणी फर्दापूरलाच होती. नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे तेव्हाचे तरुण चित्रकार याच गावच्या तंबूंत राहून रोज लेण्यांकडे जात. गावात त्या तंबूंची खूण आज कुठेही नाही. तंबूची खूण राहत नसते.

हे मला लहानपणीच कळले होते, तेही सर्कशीमुळे. मी नऊ-दहा वर्षांचा असताना मामाने मला जळगावला सर्कस दाखवायला नेले. खेळ रात्रीचा होता. त्यातले झोके, जाळी, सायकलवरच्या मुली, सगळे थोडेथोडे आठवते. पण मनावर कोरले गेले ते दुसऱ्या दिवशी सकाळचे. तो त्या मुक्कामातला शेवटचा खेळ होता हे आम्हाला माहीत नव्हते. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून मामा पुन्हा मैदानावर घेऊन गेला, तर तंबू नव्हता! काल जिथे आभाळ झाकले होते तिथे ऊन पडले होते. मैदानाच्या मध्यभागी एक गोल राहिला होता. आतली माती भुसभुशीत, खुरांनी चाळल्यासारखी, भुश्यात मिसळलेली. बाहेरची माती माणसांच्या पायांनी टणक झालेली. त्या गोलाभोवती लांबवर मेखांची भोके, एका ओळीत. एक मेख निघाली नव्हती. दोन माणसे तिच्या भोवती पहार घालून ती हलवत होती. मनगटाएवढी जाड, घणाचे घाव खाऊन डोके फुलासारखे पसरलेले. शेवटी ती निघाली, एकाने ती खांद्यावर टाकली, आणि ट्रक निघून गेला. मी मामाला विचारले, "आता हे लोक घरी जाणार का?" मामा म्हणाला, "घरी कशाला? भुसावळला."

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. इतक्या माणसांचे, इतक्या जनावरांचे घर कुठे असते? पावसाळ्यात ते कुठे असतात? आमच्या काळ्या मातीत मृगाचा पाऊस पडला की मेख धरत नाही. तणावा ओढला की ती लोण्यातून सुरी निघावी तशी वर येते. मैदानाचा चिखल होतो, कापड भिजून दुप्पट जड होते, प्रेक्षक घराबाहेर पडत नाहीत. नाटक मंडळ्यांनाही हा त्रास होता, पण नटांना जुने थिएटर, धर्मशाळा, एखाद्या आश्रयदात्याचा वाडा चालून जातो. सर्कशीला पागा लागते, गवताची गंजी लागते, वाहते पाणी लागते, खोगिरे-पट्टे वाळवून तेल लावायला ओसरी लागते, आणि नवी पोरे तयार करायला एक मऊ जमिनीचे आवार लागते. फिरत्या खेळाला एक न फिरणारे घर लागतेच. सर्कशीचा इतिहास आजवर तंबूच्या अंगाने लिहिला गेला: किती खांबी, किती वाघ, कुठली राणी बघायला आली. तो घराच्या अंगाने लिहून पाहिला पाहिजे, असे मला वाटते. कुरुंदवाडचे नाव पुसले गेले याचे कारणही हेच आहे. तंबू जिथे जिथे लागला त्या शहरांची नावे जाहिरातींवर छापली गेली; जिथे तो घडी घालून ठेवला जायचा त्या गावाचे नाव छापण्याचे कोणाला कारण नव्हते.

विष्णुपंत छत्रे मूळचे कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. लहानपणापासून त्यांना दोन वेडे होती, घोडा आणि गाणे. दोन्हींसाठी ते ग्वाल्हेरला गेले. तिथे बाबासाहेब आपट्यांकडे ते घोडा फिरवायला शिकले आणि हद्दूखाँसाहेबांच्या पायाशी बसून गाणे शिकले. हद्दूखाँ म्हणजे ग्वाल्हेर गायकीचा मूळ झराच. एकाच माणसाने या दोन विद्या एकाच गावात घ्याव्यात हे आज विचित्र वाटेल, पण संस्थानी जगात पागा आणि गायनशाळा एकाच दरबाराच्या पदरी असत. उस्तादाची नेमणूक जिथून व्हायची तिथूनच चाबूकस्वाराचीही. शिवाय दोन्हींत तालमीला पर्याय नाही. आवाजाला आणि घोड्याला, दोघांनाही मारून शिकवता येत नाही. रोज त्याच वेळी, तेच तेच, न कंटाळता करून घ्यावे लागते. छत्र्यांनी ग्वाल्हेरहून काय आणले असेल, तर ही सवय.

पुढे ते कुरुंदवाडच्या पागेवर आले. त्यांनी सर्कस काढली त्याची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. १८७९ च्या सुमारास जुझेप्पे किआरिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती. बाळासाहेब पटवर्धन आणि विष्णुपंत ती बघायला गेले. हिंदुस्थानात अशी सर्कस का नाही या प्रश्नावर किआरिनी म्हणाला की या देशाची अजून तेवढी तयारी नाही. छत्र्यांनी ते मनाला लावून घेतले, पैज लागली, आणि वर्षाच्या आत त्यांनी कुरुंदवाडला आपली सर्कस उभी करून दाखवली. पैजेच्या रकमेचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. मला त्या रकमेत रस नाही. मला रस आहे तो या प्रश्नात, की चाबूकस्वाराला हे वर्षभरात का जमले? गवयाला, मल्लाला, डोंबाऱ्याला का नाही?

याचे उत्तर रिंगणात आहे. सर्कस जन्मली तीच घोड्याच्या पोटी. लंडनला १७६८ साली फिलिप अ‍ॅस्टली नावाचा घोडदळातून निवृत्त झालेला सैनिक मोकळ्या मैदानात घोड्यावरच्या कसरती दाखवू लागला. सरळ धावणाऱ्या घोड्यावर उभे राहणे कठीण, पण घोडा गोलात धावू लागला की तो आतल्या बाजूला कलतो, स्वारही त्याच्याबरोबर कलतो, आणि वेगाने जो जोर बाहेर ओढतो तो स्वाराला घोड्याच्या पाठीवर दाबून धरतो. गोल फार लहान केला तर घोड्याचा पाय अडखळतो, फार मोठा केला तर तो जोर कमी पडतो. अनुभवाने ठरत ठरत बेचाळीस फुटांचा व्यास पक्का झाला, आणि आजही जगात बहुतेक ठिकाणी सर्कशीचे रिंगण त्याच मापाचे असते. जळगावच्या मैदानात मी जो भुसभुशीत गोल पाहिला, तो लंडनच्या त्या घोडेस्वाराने आखलेला होता. नंतर त्या गोलात दोरीवरची माणसे आली, विदूषक आले, हत्ती आले, पिंजरे आले. पण गोल घोड्याचा आहे. विष्णुपंतांना किआरिनीच्या तंबूत जे दिसले त्याचा गाभा ते आयुष्यभर करत आले होते. पागेत घोड्याला दोरीवर गोल फिरवणे हे तर चाबूकस्वाराचे रोजचेच काम. त्यांनी त्या गोलाभोवती माणसे बसवली.

बाकीचे आपल्याकडे होतेच. मल्लखांब होता, तालमी होत्या, दोरीवरून चालणारे डोंबारी आणि कोल्हाटी गावोगाव हिंडत होते. त्यांच्या खेळाला ढोल आणि अंगण पुरायचे. त्यांना तिकीट लावून, रांगेने, ठरलेल्या वेळी उभे करण्याची कल्पना नवी होती. मात्र इथे माझे एक दुखणे आहे, तेही सांगून टाकतो. सर्कशीचा इतिहास छत्र्यांपासून सुरू होतो असे म्हणताना त्या डोंबाऱ्या-कोल्हाट्यांच्या शेकडो वर्षांच्या विद्येवर आपण पाणी फिरवतो. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर तर भटक्या माणसाचे भटकणेच संशयाचे झाले. मराठी माणसाच्या सर्कशीचा अभिमान बाळगताना हेही मनात असू द्यावे, की तंबूबाहेर दोरी बांधणाऱ्याच्या वाट्याला पोलिसाची हजेरी आली आणि तंबूच्या आत दोरी बांधणाऱ्याला पदके मिळाली.

छत्र्यांची सर्कस हिंदुस्थानभर हिंडली, सिलोनला गेली, आग्नेय आशियापर्यंत पोचली. त्यांची पत्नीही झोक्यावर आणि जनावरांबरोबर काम करीत असे, असे वाचायला मिळते. एकोणिसाव्या शतकातल्या ब्राह्मण घरातली सून हजारो लोकांसमोर झोक्यावर! रंगभूमीवर तेव्हा बायकांची कामे बहुतेक पुरुषच करीत होते. त्या बाईवर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे होते.

दौऱ्यात सर्कस १८८० च्या दशकाच्या अखेरीस मलबारातल्या तलश्शेरीला पोचली. तिथे कळरीची युद्धविद्या शिकवणारे कीलेरी कुन्हिकण्णन होते. त्यांनी छत्र्यांचा खेळ पाहिला, दोघांची ओळख झाली, आणि कुन्हिकण्णन यांनी सर्कशीसाठी कसरतपटू तयार करायचे मनावर घेतले. १९०१ मध्ये त्यांनी तलश्शेरीजवळ सर्कशीची शाळा काढली. १९०४ मध्ये त्यांच्याच शिष्याने 'ग्रँड मलबार सर्कस' सुरू केली. तिथून पुढे तलश्शेरी हे भारतीय सर्कशीचे माहेर झाले. केरळच्या लोकांनी ते ऋण नीट लिहून ठेवले आहे. कुन्हिकण्णन यांना ते सर्कशीचे जनक मानतात आणि त्यांच्या गोष्टीत छत्र्यांचे नाव आदराने घेतात. आपल्याकडे सांगली, तासगाव, म्हैसाळ, मिरज या पट्ट्यात कार्लेकरांची सर्कस झाली, म्हैसाळच्या देवलांची झाली, तासगावच्या परशुराम माळ्यांची परशुराम लायन सर्कस झाली. बाबुराव कदमांनी १९२० मध्ये 'ग्रँड बॉम्बे सर्कस' काढली, ती सिंध-पंजाबात हिंडायची. फाळणीच्या वर्षी तिच्यात कुन्हिकण्णन यांच्या नातलगाच्या सर्कशी मिसळल्या आणि तिची 'ग्रेट बॉम्बे सर्कस' झाली. म्हणजे कृष्णाकाठचे पाणी मलबारला जाऊन पुन्हा परत आले. या साऱ्याची एकत्र, सलग हकिगत मला तरी मराठीत आजवर मिळाली नव्हती. आतल्या माणसाने लिहिलेले म्हणावे तर दामू धोत्र्यांचे आत्मचरित्र डोळ्यांसमोर येते. १९०२ मध्ये पुण्यात जन्मलेला, मामाच्या सर्कशीत लहानपणीच शिरलेला हा माणूस पुढे अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत वाघ-सिंह एका पिंजऱ्यात खेळवत होता. असे पुस्तक प्रत्येक पिढीत एखादे तरी यायला हवे होते.

आता त्या घराकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने या विषयाचा जीव तिथे आहे.

हद्दूखाँसाहेब १८७५ मध्ये वारले. त्यांचे चिरंजीव रहिमतखाँ. आवाज असा की पुढे लोक त्यांना 'भूगंधर्व' म्हणू लागले. पण घरातल्या आघातांनी ते खचले, अफूच्या आहारी गेले, ग्वाल्हेर सोडून भ्रमिष्टासारखे भटकू लागले. काशीत ते अगदी हलाखीत असताना सर्कस घेऊन आलेल्या विष्णुपंतांच्या दृष्टीस पडले. छत्र्यांसाठी हे गुरुपुत्र. आपल्याकडे गुरुपुत्राला गुरूसमानच मानतात; पण मानणे वेगळे, आणि रस्त्यावरून उचलून त्याच्या अफूसकट, लहरीसकट, आजारपणासकट त्याला आपल्या बिऱ्हाडात आणणे वेगळे. विष्णुपंतांनी त्यांना सर्कशीबरोबर घेतले. सर्कशीच्या तंबूत रहिमतखाँचे गाणे होऊ लागले. रिंगणात घोडे धावून गेलेले आहेत, भुसा अजून हवेत आहे, बाहेर कुठे हत्ती साखळी वाजवतो आहे, आणि तंबूत हद्दूखाँचा मुलगा तंबोऱ्याच्या साथीने षड्ज लावतो आहे, हे चित्र मी कितीदा डोळ्यांसमोर आणले असेल. दरबार सुटलेल्या गायकाला हजारो सामान्य माणसांसमोर बसवणारी ही पहिल्या काही जागांपैकी एक असावी. ख्याल ऐकायला कोणी राजवाड्याचे आमंत्रण मिळवले नव्हते. आले होते घोडे बघायला.

विष्णुपंत गेले. सामान्य हिशेबाने रहिमतखाँचा आधार तिथे तुटायचा. पण धाकटे बंधू काशिनाथपंतांनी त्यांना सांभाळले. गाण्यासाठी गावोगाव नेले, आणले, वेळच्या वेळी खायला घातले, त्यांची अफू आणि त्यांचे हट्ट दोन्ही सोसले. कुरुंदवाडच्या छत्र्यांच्या आश्रयाने रहिमतखाँ शेवटपर्यंत राहिले आणि १९२२ मध्ये कुरुंदवाडलाच त्यांनी देह ठेवला. ग्वाल्हेरच्या उस्तादाचा मुलगा कृष्णाकाठच्या मातीत विसावला, तो एका सर्कसवाल्याच्या घराने त्याला आपला मानले म्हणून.

आयुष्याच्या अखेरीस त्यांचे काही राग ध्वनिमुद्रित झाले. त्या ध्वनिमुद्रिका ऐकताना आधी नुसती खरखर कानावर येते, कढईत काही तळत असावे तशी. मग त्या खरखरीच्या पाठीमागून एक बारीक, टोकदार, आश्चर्य वाटावे इतका सुरेल आवाज वर येतो. म्हाताऱ्या, आजारी माणसाचा तो आवाज आहे हे सांगावे लागते. तीन मिनिटांत तो राग मांडतो आणि तबकडी संपते. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या गाण्यात त्या स्वराची छाया आहे असे जाणकार सांगतात, आणि करीमखाँ तर पुढे मिरजेलाच स्थायिक झाले, कुरुंदवाडपासून हाकेच्या अंतरावर. ज्यांना सर्कशीत रस नाही अशा वाचकांनीही हे पुस्तक वाचावे ते यासाठी. महाराष्ट्राच्या गाण्याचा एक महत्त्वाचा धागा सर्कशीच्या पागेतून गेला आहे.

आणखी एक योगायोग सांगतो. विष्णू दिगंबर पलुसकरांचा जन्म कुरुंदवाडचाच, १८७२ चा. ग्रेट इंडियन सर्कस सुरू झाली तेव्हा ते सात वर्षांचे होते. दत्तजयंतीच्या दारूकामाने डोळे अधू झाले, शाळा सुटली, आणि त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे पाठवले गेले. पुढे याच पलुसकरांनी गाणे दरबारातून आणि कोठीवरून उचलून तिकिटाच्या जाहीर सभेत आणले. तिकीट काढून, ओळीने बसून, ठरलेल्या वेळी विद्या बघण्याची-ऐकण्याची रीत त्या एवढ्याशा गावातल्या दोन माणसांनी आपापल्या क्षेत्रात रुजवली. एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला असा दावा मी करत नाही. पण गावाची हवा नावाची काही गोष्ट असते, आणि ती या पुस्तकाच्या मांडणीत मला जाणवली.

सर्कशीवर प्रेम करणाऱ्याने तिची काळी बाजू झाकू नये. पिंजऱ्यातल्या जनावरांचे हाल खरे होते. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबटे आणि सिंह यांचे खेळ बंद झाले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. आणि मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्यावर २०११ मध्ये त्याच न्यायालयाच्या आदेशाने बंदी आली. सर्कस या कायद्यांनी मारली, असे त्या धंद्यातली माणसे हळहळून म्हणतात. त्यांचे पोट त्यावर होते, त्यांची हळहळ मला समजते. पण हे कायदे योग्यच होते असे माझे मत आहे. गरिबाघरची सहा-सात वर्षांची मुलगी करारावर द्यायची आणि तिची हाडे वाकवायची, यावर उभा राहिलेला कोणताही खेळ बंदच झाला पाहिजे. आणि सर्कस ज्याच्यापासून जन्मली तो घोडा आणि त्याच्या पाठीवर उभा राहिलेला माणूस, त्याला वाघाची गरज कधी नव्हती. आज प्रेक्षक कमी झाले त्याची कारणे दुसरीही आहेत: शहरांच्या मधोमध असलेली मैदाने गेली, उरलेल्यांचे भाडे परवडत नाही, घराघरांत पडदे आले. राहिली आहे ती भाषा. अर्थमंत्र्यापासून गृहिणीपर्यंत प्रत्येक जण 'तारेवरची कसरत' करतो. ती तार कोणी बांधली होती हे आठवायला एखादे पुस्तक लागते.

या पुस्तकात एका घराचा नकाशा आणि लांबी-रुंदी शोधणाऱ्याची थोडी निराशा होईल. खण किती, चौक किती, याची उत्सुकता मलाही आहे. पण सराईच्या गावात वाढल्यामुळे असेल, वास्तूचे मोल मी तिथे उतरलेल्या माणसांवरून करतो. ज्या दारात घोडे बांधले गेले, परमुलुखातून आलेले कसरतपटू जेवले, ज्या ओसरीवर ग्वाल्हेरच्या गुरुपुत्राला अंथरूण घातले गेले, ते दार आणि ती ओसरी या राज्याच्या वारशाच्या यादीत पहिल्या पानावर असायला हवी.

एक शेवटची गोष्ट, आणि ती घाईची आहे. कुरुंदवाड दोन नद्यांच्या कुशीत आहे. २००५ चा पूर आला, २०१९ चा आला, २०२१ चा आला. २०१९ मध्ये तर कुरुंदवाड, नरसोबाची वाडी, शिरोळ ही सगळी गावे कित्येक दिवस पाण्याने वेढलेली होती. सर्कशीचे कागद सरकारी दप्तरात कमी आणि घरांच्या माळ्यांवर, ट्रंकांमध्ये जास्त आहेत: हस्तपत्रके, घोड्याशेजारी उभ्या माणसाचे पिवळे पडलेले छायाचित्र, गवत-चंदीच्या हिशेबाची मोडीतली वही, एखाद्या संस्थानिकाने दिलेल्या पदकाबरोबरचे पत्र. मोडी वाचता येत नाही म्हणून वही रद्दीत जाते. फोटोतला माणूस ओळखता येत नाही म्हणून फोटो जातो. उरलेले पाणी नेते. सांगली, मिरज, तासगाव, म्हैसाळ, कुरुंदवाड या भागातल्या ज्या वाचकांच्या घरी असे काही असेल, त्यांनी ते आधी माळ्यावरून खाली न आणता, पुराच्या रेषेच्या वर, कोरड्या जागी हलवावे. छायाचित्रामागे पेन्सिलीने, हलक्या हाताने, घरातल्या म्हाताऱ्यांना आठवतील ती नावे आजच लिहावीत. आणि जे आधीच भिजून एकमेकांना चिकटले असेल, ते ओढून उघडू नये, उन्हात टाकू नये. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर ठेवावे. जी पाने आपोआप सुटतील त्यांच्यामध्ये टीपकागद घालावा, तो ओला झाला की बदलावा, आणि बाकीच्यांची वाट पाहावी.